साडू जेवायला बसले

पुण्यात लग्न करून एकदाही आमच्या साडूंच्या हातची अळूची भाजी न खाल्लेला माणूस मला कुणी दाखवला, तर मी त्याला तिथल्या तिथे विचारीन, की बाबा रे, तुझं लग्न खरंच झालंय ना? हे मी जरा वाढवून सांगतोय, मान्य आहे. पण फार नाही. मुलगी पसंत, मुलगा पसंत, हॉल मिळाला, आणि साडू त्या तारखेला मोकळे नाहीत म्हणून मुहूर्त पुढे ढकलला, असे प्रकार कोथरूडमध्ये मी स्वतः पाहिलेत. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. धंदा केटरिंगचा, पण 'केटरर' म्हटलेलं त्यांना खपत नाही. "केटरर ताटल्या मोजतात. आम्ही माणसं जेवू घालतो," असं ते म्हणतात, आणि हे म्हणत असताना त्यांच्या एका कानाला फोन असतो, दुसरा फोन खिशात थरथरत असतो आणि खांद्यावर पंचा असतो. हा पंचा त्यांच्या अंगाचाच भाग आहे. पासपोर्टच्या फोटोसाठी तो काढायला सांगितला, तेव्हा त्यांचा खांदा एका बाजूला उतरल्यासारखा दिसत होता.

माणसं जेवू घालतो म्हणणारे साडू माणसांकडे माणसं म्हणून मात्र क्वचितच बघत. त्यांना ती पानं दिसत. सिग्नलला गाडी थांबली, की समोरच्या गर्दीवरून नजर फिरवून ते पुटपुटत, "दीडशे पानं सहज." नाटकाला नेलं तर पडदा उघडण्याआधी मागे वळून प्रेक्षागृहाचा अंदाज घेत, आणि मध्यंतरात सगळे बाहेर सुटले की कळवळून म्हणत, "एकदम उठवायचं नसतं हो, निम्मे आधी सोडायचे." एकदा आमच्या शेजारच्या आजोबांना पोचवायला गेलो होतो. तिथेही ते मला हळूच म्हणाले, "माणसं चांगली जमली. तेराव्याचं सांगितलंय का कुणाला?" यात त्यांचा लोभ नव्हता. तेराव्याला कुणी उपाशी जाऊ नये, एवढीच खरी काळजी होती.

त्यांची दुसरी सवय म्हणजे चव बघण्याची. डावातून एक थेंब तळहातावर, तळहात जिभेला, डोळे बंद, मान तिरकी, आणि मग निकाल. हे भट्टीजवळ शोभतं. पण साडू चहाही असाच बघत, खोकल्याचं औषधही असंच बघत, आणि एकदा देवळात गुरुजींनी हातावर पंचामृत घातलं तेव्हा ते डोळे मिटून म्हणाले, "साखर आधी विरघळवून घ्या, खाली बसलीय." गुरुजी पुण्याचेच होते. ते म्हणाले, "देवाची तक्रार नाही अजून. पुढे सरका."

आता एवढा खाण्यातला माणूस, पण त्यांना बसून जेवताना मी कधीच पाहिलं नव्हतं. हे तळहातावरचे थेंब, उभ्या उभ्या खाल्लेली एखादी पुरी, कढईच्या कडेची भजी, यावरच त्यांचं पोट चाले. घरी असले तरी तेच. ताई पान वाढून ठेवायची, हे "आलोच" म्हणून फोन घेऊन गॅलरीत जात आणि तिथूनच चपला घालून मार्केट यार्डला निघत. ताई म्हणजे माझी मेहुणी. तिला मी आवाज चढवताना कधी ऐकलं नाही, कारण तिला त्याची गरज पडत नाही. एकदा तिनं आम्हाला त्यांच्या लग्नाचा अल्बम दाखवला. पानं उलटत शांतपणे म्हणाली, "या फोटोत मी आहे, भटजी आहेत, आणि हा पाटावर यांचा शेला आहे." नवरदेव त्या वेळी जिलेबीचा पाक बघायला गेले होते. पाक एकतारी झाला होता, असं साडू अजूनही अभिमानाने सांगतात.

लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला मुलीने दोघांना महाबळेश्वरला पाठवलं. तिथे दुसऱ्या दिवशी सकाळी साडू फिरायला म्हणून बाहेर पडले ते परतलेच नाहीत. ताई वाट बघून नाश्त्याला खाली गेली, तर हॉटेलच्या स्वयंपाकघराच्या झरोक्यातून यांचा पंचा दिसला. हॉटेलचा आचारी आजारी होता, एवढं त्यांच्या कानावर पडलं होतं. त्या सकाळी सगळ्या हॉटेलने साडूंच्या हातचे पोहे खाल्ले. ताईनेही खाल्ले. "एकटीनंच," ती म्हणाली, "पण गरम होते."

अशा माणसाच्या मुलीचं लग्न ठरलं. तिचं नाव मधुरा. संगणकाच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे, स्वभाव आईचा आणि हट्ट बापाचा. तिने आम्हा दोघांना मुद्दाम घरी बोलावून घेतलं, साडूंचे दोन्ही फोन काढून आईच्या हातात दिले, आणि म्हणाली, "बाबा, माझ्या लग्नाचं जेवण मी वारज्याच्या विजूदादाकडे देतेय."

विजू म्हणजे साडूंच्याच हाताखाली तयार झालेला. आता त्याचा स्वतंत्र धंदा आहे. साडू हसले. "त्याला मी शिकवलंय."

"म्हणूनच दिलंय."

"अगं, पण मग मी काय करू?"

"तू जेव," मधुरा म्हणाली.

साडूंना हे काम कुणी आयुष्यात सांगितलं नव्हतं. ते माझ्याकडे बघायला लागले. मधुराने अट नीट समजावून दिली. बाहेरच्या लोकांना बुफे, पण घरच्यांची एक पंगत. त्या पंगतीत बाबा तिच्या शेजारी बसणार. वरणभातापासून ताकभातापर्यंत पूर्ण जेवणार. मध्ये उठायचं नाही, फोन नाही, वाढप्यांना सूचना नाही. हे जमणार नसेल तर तसं आत्ताच सांगावं, ती सरळ कोर्टात सही करून मोकळी होईल. "शाळेच्या स्नेहसंमेलनाला तू एकदाच आलास बाबा. तेही मागच्या दाराने, बटाटेवडे घेऊन. मी स्टेजवर होते." साडूंनी पंचाने उगीचच हात पुसले.

"जमेल," ते म्हणाले. "पण सवय नाही."

"त्याचीच सोय केलीय. काका शिकवतील तुला." काका म्हणजे मी. माझी छाती जरा फुगली, तोच ती पुढे म्हणाली, "त्यांना काही न करण्याचा दांडगा अनुभव आहे." माझ्या बायकोने यावर नको तितक्या जोरात मान हलवली.

खोटं कशाला बोलू, अनुभव होता. मी एका निमसरकारी कचेरीत नोकरी केली. काम आणि आयुष्य यांचा तोल लोक आज शिबिरं घेऊन शिकवतात. मी तो रुजू झाल्याच्या दिवसापासून सांभाळला होता, फक्त तो कामाच्या बाजूने कधी झुकला नाही. दुपारी डबा खाऊन खुर्चीत बसल्या बसल्या, हातात पेन धरून आणि डोळे कागदावर ठेवून झोपण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. निवृत्तीच्या समारंभात साहेब म्हणाले होते, "यांच्या जाण्याने फारसा फरक पडणार नाही," आणि मी ते कौतुक समजून टाळी वाजवली होती. तेव्हा अशा गुरूच्या हाती साडूंना सोपवणं हे एका अर्थी योग्यच होतं.

पहिल्या रविवारी सकाळी मी त्यांना टेकडीवर घेऊन गेलो. चांगला बाक बघून बसवलं.

"इथे काय करायचं?" त्यांनी विचारलं.

"बसायचं."

"आणि?"

"आणि काही नाही."

"किती वेळ?"

"कंटाळा येईपर्यंत."

"आलाय," साडू म्हणाले आणि उठले.

मग दुपारची झोप शिकवायला घेतली. माझ्या घरी पंखा लावून, पडदा ओढून त्यांना आडवं केलं. ते छातीवर हात बांधून छताकडे बघत राहिले. थोड्या वेळाने म्हणाले, "साधारण किती वेळ लागतो याला?" मी म्हटलं, अर्धा तास. त्यांनी विचार केला. "दोन माणसं लावली तर लवकर होईल का?" मी त्यांच्या मदतीला म्हणून शेजारी आडवा झालो. जाग आली तेव्हा साडू जागेवर नव्हते. माझ्या स्वयंपाकघरातले डबे धुऊन, पुसून, उंचीप्रमाणे लावून ते निघून गेले होते. बायको इतकी खूश झाली, की पुढच्या रविवारीही त्यांना झोप शिकवा, असा तिने आग्रह धरला.

महिनाभराने तर गुरूचीच वाट लागली. मी त्यांना आणायला जायचो, ते "पाचच मिनिटं" म्हणायचे, आणि नुसतं काय बसायचं म्हणून मी मटाराची एक शेंग उचलायचो. जेवणाची वेळ व्हायची तेव्हा माझ्यासमोर सालींचा ढीग असायचा आणि साडूंची माणसं मला "मटारवाले काका" म्हणायला लागलेली असायची. कचेरीत असताना कुणी माझ्याकडून इतकं काम करून घेतलं नव्हतं. वर साडू माझ्याकडून चव बघण्याची पद्धतही घोटून घेत. थेंब, तळहात, डोळे बंद. मला कशातलं काही कळत नसे. पण मान तिरकी करणं मला फार छान जमायला लागलं होतं, आणि याच कलेने पुढे घात केला.

त्याआधी एक गोष्ट घडली ती सांगायला हवी. एका रविवारी आम्ही टेकडीवर बसलो होतो. साडू त्या दिवशी लगेच उठले नाहीत. बराच वेळ खाली पसरलेल्या कोथरूडकडे बघत राहिले. मला वाटलं, पानं मोजतायत. मग म्हणाले, "अहो, मधुराला लहानपणी माझ्या हातचं काय आवडायचं हो?" मला ठाऊक नव्हतं. समोर दिसणाऱ्या किती इमारतींमधल्या किती आजींना बिनगुळाची आमटी लागते, हे त्यांना तोंडपाठ होतं. हे मात्र नव्हतं. शेवटी ताईला फोन लावला. ताई म्हणाली, "तुमच्या हातचं गरम तिनं कधी खाल्लंय? दुसऱ्या दिवशीची जिलेबी दुधात भिजवून खायची. पंगत उठल्यावर उरायची ना, ती." तिच्या आवाजात राग नव्हता. विचारलं म्हणून सांगितलं, इतकंच. साडूंनी फोन बंद केला आणि बाकावर तसेच बसून राहिले. त्या दिवशी उठायची घाई मलाच झाली होती.

पुढच्या रविवारी मी त्यांच्याकडे पोचलो तर ते चपला घालून दारात उभे होते. "चला," म्हणाले, "बसायला उशीर होतोय."

लग्नाच्या दिवशी साडू पितांबर नेसून, खांद्यावर उपरणं घेऊन बोहल्यावर हजर होते, आणि मुख्य म्हणजे तिथून हलले नाहीत. उपरण्याला अधूनमधून हात पुसत होते, तेवढं सोडा. कन्यादान झालं, मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या. फोटोग्राफरने काढलेल्या प्रत्येक फोटोत साडू होते. ताई मधूनमधून खात्री करून घेत होती. मला स्वयंपाकघर आणि साडू यांच्या बरोबर मधोमध खुर्ची टाकून बसवलं होतं. पंगतीला थोडा अवकाश होता. तेवढ्यात साडू जवळ आले आणि माझ्या कानाशी लागले, "एवढं करा. आत जाऊ नका, नुसतं दारातून बघा. अळूला उकळी आहे ना? मी विचारलं असं मात्र म्हणू नका."

मला दया आली. मी गेलो. दारातूनच बघणार होतो, पण वास फार चांगला येत होता. विजू माझ्याकडे वळला, "या काका," म्हणाला, आणि रीतीप्रमाणे अळूचा एक थेंब त्याने माझ्या तळहातावर घातला. आता इतक्या रविवारांची मेहनत वाया कशी घालवायची? मी डोळे मिटले, मान तिरकी केली आणि म्हणालो, "मिठाला जरा..."

वाक्य मी मुद्दाम अर्धं सोडलं. अर्ध्या वाक्याने माणूस जाणकार वाटतो, हा माझा कचेरीतला अनुभव.

विजूचा चेहरा उतरला. "मालकांनी सांगितलंय का?"

यावर मी मानेने एक हालचाल केली. अशी हालचाल मी नोकरीभर करत आलो होतो. तिचा अर्थ होही होत नाही आणि नाहीही होत नाही, आणि तिच्या जोरावर मी कुठल्याच कागदावर सही न करता निवृत्त झालो. विजूने मात्र तिचा अर्थ हो असा घेतला. त्याने मुठीने मीठ घातलं, आणि मालकांचा शब्द म्हणून वर आणखी एक मूठ घातली. मी बाहेर येऊन साडूंना सांगितलं, "उकळी उत्तम आहे."

पंगत बसली. मधोमध नवरानवरी, मधुराच्या शेजारी साडू, साडूंच्या शेजारी ताई, आणि समोरच्या रांगेत राखणीला मी. वरणभात झाला. साडू एकेक घास असा चावत होते, की जणू दात नवीन बसवलेत. मधुरा तिरक्या नजरेने बघत होती आणि गालात हसत होती. मग अळू आलं. साडूंनी भुरका मारला.

त्यांचे डोळे मिटले गेले. मान तिरकी झाली. आणि कर्रकन त्यांची खुर्ची मागे सरकली.

मधुराने हातातला घास पानात खाली ठेवला. बापाकडे बघितलं नाही. समोर बघत राहिली. स्वयंपाकघराच्या दारात विजू डाव धरून उभा होता आणि त्याच्या तोंडावरचा रंग गेला होता. माझ्याही तोंडात अळू होतं. ते गिळावं की कबुली द्यावी, हे मला ठरवता येत नव्हतं.

साडू अर्धवट उभे होते. एक हात टेबलावर, दुसरा उपरण्यावर. त्यांनी दाराकडे बघितलं, मग मधुराच्या पानातल्या त्या घासाकडे बघितलं. खुर्ची पुढे ओढली आणि बसले.

"अळू आणा इकडे," ते वाढप्याला म्हणाले. "वाढा. अजून वाढा. छान झालंय."

ते त्यांनी सगळं संपवलं. मग मधुराने घास उचलला, अळू चाखलं, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मिठाने आलं असं ती सांगते. त्यानंतर जे झालं ते फक्त पुण्यातच होऊ शकतं. साक्षात साडूंनी दुसऱ्यांदा अळू मागितलं म्हटल्यावर ते खारट आहे असं म्हणायची कुणाची छाती होईना. आपल्याच जिभेत काही कमी असेल, असं समजून जो तो अळू मागून घेऊ लागला. पातेलं रिकामं झालं. आणि त्याच्या आधी मठ्ठा संपला. निघताना विहीणबाई साडूंना म्हणाल्या, "जेवण उत्तम होतं हो. मठ्ठ्याला तेवढा हात आखडता घेतलात."

हात धुताना साडू माझ्याशेजारी आले. "मीठ कुणी घातलं?"

"विजूने," मी म्हणालो. तसं ते खरंच होतं.

"विजूचा हात मी घडवलाय. तो हात असं करत नाही." त्यांनी माझ्याकडे पुरेसा वेळ बघितलं. मग हात पुसत म्हणाले, "दोन तांबे उकळतं पाणी आणि गुळाचा एक खडा. एवढंच काम होतं." आणि अवघड किल्ला चढून आलेल्या माणसाच्या आवाजात पुढे म्हणाले, "केलं नाही."

आता साडू निम्मी कामं परस्पर विजूकडे पाठवतात. लग्नसराईतसुद्धा दुपारी घरी येतात आणि ताईसमोर बसून जेवतात. ताई सुरुवातीला बावरली होती. इतक्या वेळ समोर बसलेल्या माणसाशी काय बोलायचं, असं तिनं माझ्या बायकोला फोन करून विचारलं होतं. रविवारी आम्हीही दोघं तिकडेच असतो. मधुरा हैदराबादला असते. तिच्याबरोबर जेवायची वेळ ठरलेली आहे. साडू फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा करतात, पलीकडे तिचं टेबल दिसतं, तिचं ताट दिसतं, आणि ती म्हणते, "बाबा, एक कॉल आहे फक्त. तुम्ही सुरू करा, आलेच मी."

परवाच्या रविवारीही ती तसंच म्हणून उठली. ताई म्हणाली, "भात निवतोय. घ्या तुम्ही." साडूंनी ऐकलं नाही. पडद्यावर तिची रिकामी खुर्ची दिसत होती आणि खुर्चीच्या पाठीवर तिची ओढणी टाकलेली होती. साडू त्या ओढणीकडे बघत, हात पानाबाहेर ठेवून बसले होते. मी हळूच म्हटलं, वेळ लागेल तिला.

"लागू दे," साडू म्हणाले. "बसायला शिकलोय ना मी."